ठशाचं घड्याळ

संगमनेरच्या तात्यासाहेब उगले स्मृती व्याख्यानमालेत त्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, तिन्ही दिवस एकाच वक्त्याला दिले होते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. विषय होता ‘गुन्हा, पोलीस आणि न्याय’, आणि बोलणार होती गावातलीच मुलगी, डॉ. वैजयंती गुंजाळ. मुलगी म्हणायचं ते गावाच्या सवयीनं. वैजयंती चौपन्न वर्षांची होती, पुण्याच्या जैवठसा संशोधन केंद्रात उपसंचालक होती, आणि तिनं बसवलेल्या पद्धतीवर विसंबून देशभरातली न्यायालयं निकाल देत होती.

तिला बोलवायचा आग्रह तिच्या थोरल्या भावाचा. दिगंबर गुंजाळ गावातल्या हायस्कूलमध्ये तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, व्याख्यानमालेच्या समितीवरचे. पाच वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी ओवी नाशिकला वास्तुकलेचं शिक्षण घेत असताना तिच्या भाड्याच्या खोलीत तिचा खून झाला. एकोणीस वर्षांची होती. ज्याला त्याबद्दल जन्मठेप झाली तो सापडला आत्याच्या यंत्रामुळे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहाचं व्याख्यान, पण साडेपाचलाच वाचनालयाचं सभागृह भरलं आणि मागं उभं राहायलाही जागा उरली नाही.

पहिल्या रांगेत दिगंबर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी मंगलवहिनी.

“आपल्यापैकी प्रत्येक जण एक न दिसणारा ढग अंगाभोवती घेऊन फिरतो,” वैजयंतीनं सुरुवात केली. “आपल्या कातडीवर कोट्यवधी जंतू राहतात. दर तासाला त्यातले लाखो गळून पडतात. खुर्चीवर, दाराच्या कडीवर, दुसऱ्याच्या कपड्यांवर. कुठले जंतू किती प्रमाणात, हे मिश्रण माणसागणिक वेगळं असतं. यालाच आम्ही जैवठसा म्हणतो. बोटाचा ठसा पुसता येतो. हा पुसायला गेलात तर पुसण्याच्या फडक्यानं नवा उमटतो.”

लोक हसले.

“पण याचं खरं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. कातडीवरून सुटलेले जंतू मरू लागतात, आणि सगळे एका वेगानं मरत नाहीत. काही तासाभरात संपतात, काही दिवसभर टिकतात, काही दोन-तीन दिवस. कोण संपलंय आणि कोण उरलंय हे मोजलं की तो माणूस तिथं कधी आला होता ते कळतं. बोटाचा ठसा सांगतो, कोण. जैवठसा सांगतो, कोण आणि केव्हा. याला आम्ही ठशाचं घड्याळ म्हणतो.”

टाळ्या झाल्या. दिगंबरही वाजवत होते. तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पाण्याचा पेला उचलला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. ते घड्याळ चुकतं हे त्या सभागृहात फक्त तिलाच माहीत होतं.

तिला ते कळलं त्याला आठ महिने झाले होते. केंद्रात दर सोमवारी ती स्वतः एका काचपट्टीवर हात टेकवायची. यंत्र नीट चाललंय की नाही हे बघायला असा एक माहितीचा ठसा लागतो, आणि सात वर्षं तो तिचाच असायचा. गुरुवारी त्या पट्टीवर यंत्र ‘बहात्तर तास’च्या आसपास आकडा दाखवायचं. त्या गुरुवारी त्यानं एकोणचाळीस दाखवले. तिनं पट्टी बदलली, यंत्र बदललं, पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं. पुन्हा एकोणचाळीस, मग एक्केचाळीस. यंत्रात काही बिघाड नव्हता. फरक तिच्यातच पडला होता. मूत्रमार्गाच्या संसर्गावर तिनं नुकतीच दहा दिवस अँटिबायोटिक घेतली होती. त्या औषधानं कातडीवरचे नाजूक जंतू मारले होते आणि चिवट तेवढे मागं ठेवले होते. चिवट जंतू हळू मरतात. त्यामुळे जुना ठसाही ताजा दिसत होता.

हे आधी कसं लक्षात आलं नाही, असं कुणीही विचारलं असतं. तिनं मूळ प्रबंध काढून वाचला. चार हजार माणसांवर केलेला अभ्यास. एकोणिसाव्या पानावर, बारीक अक्षरात, तिच्याच हातची ओळ होती: मागील तीन महिन्यांत प्रतिजैविकं घेतलेल्या व्यक्ती अभ्यासातून वगळल्या आहेत. अशा अभ्यासात हे नेहमी करतात, त्यात गैर काही नव्हतं. फक्त प्रयोगशाळेतून न्यायालयापर्यंत जाताना ती ओळ मागंच राहिली. आरोपीनं अँटिबायोटिक घेतली होती का, असं देशात कुठल्याही खटल्यात कुणी विचारलं नाही.

तिनं औषध घेत असलेले सव्वीस लोक गोळा केले आणि चाचण्या केल्या. एकोणीस जणांत घड्याळ मागं पडलं, एखाद्यात तर तीस-तीस तास. सगळं लिहून तिनं संचालकांना दिलं. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “समिती नेमू. तोवर बाहेर एक अक्षर नको, मॅडम. दोनशे चौदा शिक्षा आहेत यावर. यातले खरे गुन्हेगार किती सुटतील याचा विचार करा.”

तिनं विचार केला होता. दोनशे चौदांची यादी तिच्या कपाटात होती, आणि त्यात एकशे सदुसष्टावं नाव रोशन तुपे असं होतं.

रोशन तुपे, वय चोवीस, इलेक्ट्रिशियन. ओवीच्या खोलीतला गिझर दुरुस्त करायला तो मंगळवारी सकाळी अकराला गेला होता. खून झाला बुधवारी दुपारी, तीन ते पाचच्या दरम्यान, ओवीच्याच ओढणीनं. त्या ओढणीवर रोशनचा ठसा मिळाला. तो पहिल्यापासून एकच सांगत होता. मंगळवारी गिझर उतरवताना खुंटीवरची ओढणी हातानं बाजूला केली, बुधवारी मी घरी होतो. बुधवारी तो घरी होता हे पाहिलेलं कुणी नव्हतं. आई शेतावर कामाला गेली होती. आणि घड्याळ म्हणत होतं: बुधवार, दुपार.

नात्यामुळे त्या ठशाची तपासणी वैजयंतीकडे नव्हती, तिच्या विभागातल्या दुसऱ्यानं केली. पण खटल्याच्या प्रत्येक तारखेला ती दिगंबरदादांच्या शेजारी बसली होती. रोशनची आई साक्षीला उभी राहिली तेव्हाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, माझ्या पोराला टायफॉइड झाला होता, दवाखान्यातून येऊन दहाच दिवस झाले होते, त्याच्या हातात तांब्या धरायचं बळ नव्हतं, तो कुणाचा गळा काय आवळणार. सरकारी वकिलांनी मग तो गिझर कसा उतरवू शकला असं विचारलं. वैजयंतीनं ते ऐकलं होतं. टायफॉइडवर काय देतात हे तिला माहीत होतं. तरी तिच्या डोक्यात काही हललं नाही.

उलट, ठशाचा अहवाल न्यायालयात आला त्या दिवशी दादांनी तिला बाहेरच्या बाकावर बसून विचारलं होतं, “वैजू, नक्की ना? पोरगा मंगळवार मंगळवार म्हणतोय.” आणि ती म्हणाली होती, “दादा, तो मंगळवारी असता तर यंत्रानं मंगळवारच सांगितला असता.”

त्या एका वाक्यावर दादा पाच वर्षं उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला वहिनींनी थालीपीठं केली होती. दादा उत्साहात होते. फोनवर कुणाशी तरी बोलून आले आणि म्हणाले, “अकोल्याचे एक जण आहेत. त्यांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालू आहे. खचलेत फार. मी त्यांना म्हटलं, आमचंही मिटलं तसं तुमचंही मिटेल. ठसा मिळालाय ना, मग घोर नको.”

“असे किती जणांशी बोलता तुम्ही?” वैजयंतीनं विचारलं.

“होतील तीस-पस्तीस घरं,” वहिनी म्हणाल्या. “महाराष्ट्रभर फिरतात. त्यामुळेच सावरलेत बघ. पहिलं वर्ष तर मला वाटलं होतं, मुलीमागं हेही जातील.”

वैजयंतीनं सांगायचं ठरवलं होतं. थालीपीठ संपलं, चहा झाला, आणि तिनं काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ती पोलिसांबद्दल बोलली. तपास म्हणजे काय, साक्षीदार का फुटतात, कबुलीजबाब कसे घेतले जात. प्रश्नोत्तरांत शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले. नाव सांगितलं बोऱ्हाडे, निवृत्त हवालदार.

“बाई, तुमच्यावर टीका नाही,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. आम्ही होतो तेव्हा खून झाला की आठ-आठ दिवस गल्ली पालथी घालायचो. दूधवाला, पेपरवाला, समोरची म्हातारी, सगळ्यांना विचारायचं. चुकायचो पण पुष्कळ. आता पोरं जागेवर जातात, ओढणी का काय ते पिशवीत घालतात, यंत्राकडं पाठवतात. यंत्रानं नाव सांगितलं की फाईल बंद. यंत्र चुकलं, तर परत जाऊन विचारायचं कुणाला? दूधवाल्याला पाच वर्षांनी काय आठवणार आहे?”

सभागृहात थोडी कुजबुज झाली. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. वैजयंतीला एखादं सावरून घेणारं उत्तर सहज देता आलं असतं. अशी उत्तरं तिनं शेकडो वेळा दिली होती.

“याचं उत्तर मी उद्या देईन,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर वहिनी कुरडया वाळत घालत होत्या आणि दादा खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. वैजयंती त्यांच्यासमोर खाली बसली, आणि काचपट्टीपासून सव्वीस माणसांपर्यंत सगळं सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. एखाद्या अवघड वर्गाला शिकवावं तसं सांगितलं. दादांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. वर्तमानपत्राची घडी मात्र ते पुन्हा पुन्हा घालत राहिले.

“टायफॉइड,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे त्यानं केलं नाही.”

“तसं नाही म्हणता येत, दादा. त्यानं केलं असेल. नसेलही. यंत्रावरून आता काहीच सांगता येत नाही.”

“दुसरं काही तपासता येईल. ती ओढणी आहे ना?”

“तिच्यावरचे जंतू पाच वर्षांपूर्वीच मेले. आणि तेव्हा बाकी काही कुणी गोळा केलं नाही. गरजच वाटली नाही.”

वहिनींच्या हातातली परात तशीच राहिली होती. त्यांनी ती कठड्यावर ठेवली.

“हे तू आज बोलणार आहेस,” दादा म्हणाले. “तिथं. माझ्या गावात, माझ्यासमोर.”

“मी समितीची सहा महिने वाट पाहिली. त्यांना ते कधीच बाहेर काढायचं नाहीये. न्यायालयात गेले तर केंद्र माझा अहवाल बाहेर येऊ देणार नाही. भरल्या सभेत बोलले की मग दाबता येत नाही.”

“मग पुण्यात बोल. दिल्लीत बोल. इथं नको, वैजू.” त्यांनी वर्तमानपत्र खाली टाकलं. “मी लोकांना काय सांगत फिरलो माहितीये तुला. त्यांना काय तोंड दाखवू? आणि ते जाऊ दे. तो नाही, तर मग कोण? तिच्या मातीला चारशे माणसं आली होती. त्यात असेल तो? माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला असेल?”

वैजयंतीनं वर्तमानपत्र उचलून बाजूला ठेवलं.

“एक मुलगा पाच वर्षं आत आहे, दादा,” ती म्हणाली. “त्याची आईपण अशीच बसली असेल कुठंतरी.”

“मला त्याच्या आईचं सांगू नकोस,” दिगंबर म्हणाले आणि जिना उतरून खाली गेले.

वहिनींनी परात परत उचलली. वैजयंतीकडे न बघता म्हणाल्या, “बोल तू. पण नंतर या घरी ये असं मी तुला म्हणू शकणार नाही. ते माझ्या हातात राहणार नाही.”

दादा व्याख्यानाला येणार नाहीत असं वैजयंतीला वाटलं होतं. ते आले. त्याच खुर्चीत बसले, एकटेच.

तिसऱ्या दिवसाचा विषय होता न्याय. वैजयंतीनं आधी बोऱ्हाडेंचा प्रश्न सगळ्यांना आठवून दिला आणि म्हणाली, “त्यांनी विचारलं, यंत्र चुकलं तर काय. यंत्र चुकलेलं आहे.” मग तिनं कागद बाजूला ठेवले. एकोणिसाव्या पानावरच्या ओळीचं सांगितलं. दोनशे चौदा शिक्षांचा आकडा सांगितला. आणि म्हणाली, “यातला एक खटला माझ्या घरातला आहे. माझ्या भाचीचा.”

दिगंबर उठले. कुठं घाईनं नाही, राग दाखवून नाही. गुडघे दुखत असल्यासारखे सावकाश उठले, रांगेतल्या लोकांनी पाय आवरून घेतले, आणि मधल्या वाटेनं चालत ते दाराबाहेर गेले. सभागृहातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता. वैजयंतीही बघत होती. ते बाहेर पडेपर्यंत ती थांबली आणि मग पुढचं वाक्य बोलली, कारण थांबून राहिली असती तर पुढं बोलता आलं नसतं.

त्या दिवशी टाळ्या झाल्या नाहीत. आभार मानणाऱ्यानं दोन वाक्यांत आटोपलं. वैजयंतीची बॅग वहिनींनी शेजाऱ्यांकडून वाचनालयातच पाठवून दिली होती. आत तिचे कपडे नीट घडी घालून ठेवलेले होते आणि डब्यात थालीपीठं होती.

पुढच्या वर्षभरात जे झालं ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलंच. केंद्रानं तिला निलंबित केलं, मग तिनंच राजीनामा दिला. वरच्या न्यायालयानं जैवठशाचं घड्याळ पुरावा म्हणून धरायचं नाही असा आदेश दिला. दोनशे चौदांपैकी अडुसष्ट खटले पुन्हा उघडले. त्यात एक असा सुटला की ज्यानं गुन्हा केला होता हे त्याच्या गावातली पोरंसोरंही जाणत होती. ज्या बाईच्या नवऱ्याला त्यानं मारलं होतं, तिनं वैजयंतीला फोन करून विचारलं, “आता तो आमच्या गल्लीतून रोज जातो. मी काय करू?” आणि तीन माणसं अशी निघाली की निर्दोष ठरेपर्यंत ती तुरुंगात मरून गेली होती. त्यांच्या घरून कुणाचा फोन आला नाही.

रोशन तुपे चौदा महिन्यांनी सुटला. वैजयंती त्याला भेटायला गेली. जायची गरज नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. सिन्नरजवळच्या गावात पत्र्याचं घर होतं. आई दारात धान्य पाखडत होती. तिनं वैजयंतीला ओळखलं, कारण न्यायालयात सगळ्या तारखांना तिनं तिला समोरच्या बाजूला बसलेलं पाहिलं होतं.

“बसा बाई,” एवढंच म्हणाली आणि पाणी आणून दिलं.

रोशन एकतिशीचा असेल, पण कानांजवळचे केस पांढरे झाले होते. तो समोर बसला तो हात मांड्यांखाली घालून.

“कामं मिळतायत का?” वैजयंतीनं विचारलं.

“इलेक्ट्रिकची कोण देणार, मॅडम? लोकांच्या घरात जावं लागतं.” तो थांबला. “निकालाच्या कागदावर लिहिलंय, संशयाचा फायदा. सरपंचांनी वाचला. म्हणाले, म्हणजे संशय आहेच की.”

“कायद्याची भाषा तशीच असते.”

“असू दे. तुम्ही मला एक लिहून द्या. रोशन तुपे बुधवारी तिथं नव्हता. एवढंच. खाली तुमची सही.”

“मी आता तिथं नोकरीला नाही, रोशन.”

“सही तर तुमचीच आहे ना. लोक तुमचं ऐकतात.”

तिला ते लिहून द्यावंसं वाटलं. पर्समध्ये कागद होता, पेन होतं. त्या एका ओळीनं त्याचं गावात राहणं थोडं सोपं झालं असतं. पण अशीच एक ओळ तिनं एकदा एका माणसाला दिली होती, माहीत नसताना माहीत असल्यासारखी.

“मला ते माहीत नाही,” ती म्हणाली. “तू नव्हतास असं मला सांगता येत नाही. होतास असंही सांगता येत नाही. मी फक्त एवढंच लिहून देऊ शकते की यंत्राला ते कळू शकत नव्हतं.”

रोशन तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता.

“तेव्हा तर माहीत होतं तुम्हाला,” तो म्हणाला.

आई पाखडायची थांबली होती. वैजयंती उठली. दोघांनाही नमस्कार करून ती रस्त्यापर्यंत चालत आली आणि बसची वाट बघत उभी राहिली. दोन बस तिच्यासमोरून गेल्या, तिला हात करायचं सुचलं नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, तिच्या पुण्यातल्या घराची घंटा वाजली. दारात दादा होते. हातात कापडी पिशवी, अंगात स्वेटर. बावीस महिन्यांत ते एका शब्दानं बोलले नव्हते. भाऊबीजेला तिनं केलेले फोन वहिनी उचलायच्या आणि ‘ते बाहेर गेलेत’ म्हणायच्या.

“आत येऊ?” त्यांनी विचारलं.

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. पाणी प्यायले.

“तिसऱ्या दिवशी मी मधूनच उठलो,” ते म्हणाले. “पुढं तू काय बोललीस मला ठाऊक नाही. लोकांनी सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकून घेतलं नाही. आता सांग. पहिल्यापासून सांग. गच्चीवर सांगितलंस तेव्हा माझं लक्ष नव्हतं.”

वैजयंतीनं कागद घेतला आणि सांगायला लागली. कोणते जंतू किती तास जगतात याची आकृती काढली. औषधानं काय होतं ते काढून दाखवलं. दादा चष्मा लावून, वहीत बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे वाकून बघत होते. मधूनमधून एखादी शंका विचारत होते, आणि प्रत्येक शंका नेमकी असायची.

“सव्वीसांतले एकोणीस,” ते म्हणाले. “म्हणजे सात जणांत घड्याळ बरोबर चाललं.”

“हो.”

“तो त्या सातांतला असू शकतो.”

“असू शकतो.”

“आणि एकोणिसांतलाही.” त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला, सवयीनं, सगळ्या पायऱ्या मांडून. “त्र्याहत्तर पूर्णांक काहीतरी टक्के. याचा अर्थ काय घ्यायचा, वैजू?”

“त्याच्यापुरता काहीच नाही, दादा. शंभर माणसांबद्दल काहीतरी अर्थ होतो. एका माणसाबद्दल नाही.”

त्यांनी मान हलवली. हे त्यांना शिकवायची गरज नव्हती, ते स्वतः कितीतरी वर्षं मुलांना हेच सांगत आले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. आत नावं होती. ओवीच्या वर्गातली मुलं, घरमालक, त्याचा भाचा, खानावळीतला डबेवाला, नातेवाईक, मातीला आलेले लोक. तीनशे एक्केचाळीस. बावीस नावांपुढे खूण होती.

“एवढ्यांना भेटलो,” ते म्हणाले. “समोर बसतो, चहा पितो, त्याच्या हातांकडे बघतो. काही कळत नाही. घरी येतो, पुढच्याकडे जातो. मंगल म्हणते, तुम्हाला वेड लागेल. मागच्या आठवड्यात तिच्या सख्ख्या भाच्याकडे गेलो, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.” त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. “दुसरं काही निघालंय का गं आता? नवं काही? तुमच्यात सारखं निघत असतं.”

“नाही, दादा.”

“पुढं निघेल?”

“तिच्यासाठी नाही. तपासायला काही उरलेलंच नाही.”

“म्हणजे हे कधीच कळायचं नाही.”

“नाही,” वैजयंती म्हणाली.

हे त्यांना इतक्या सरळ कुणीच सांगितलं नव्हतं. दिगंबरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून घेतला. ते रडले तेव्हा आवाज झाला नाही, फक्त स्वेटरचे खांदे हलत होते. खटल्याच्या एकाही तारखेला, निकालाच्या दिवशीसुद्धा, ते असे रडले नव्हते. वैजयंती उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येईना. मग तिनं ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

फोन वाजला. मंगलवहिनी होत्या.

“हे सकाळी न सांगता निघून गेलेत,” त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. “तुझ्याकडं आलेत का?”

“आलेत. इथंच बसलेत.”

पलीकडे वहिनींनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

“जेवलेत का?”

“बसतोय आता,” वैजयंती म्हणाली, आणि फोन ठेवून ताटं घ्यायला उठली.